बघायला की हुसकायला?

माझी भाची नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये असते. गेल्या जानेवारीत, आपल्याकडे गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना, एका रविवारी रात्री तिचा फोन आला. "मामा, आज मी दिवसभर बर्फात चालले, पाच तास!" मी म्हटलं, "पाय रुतले नाहीत का?" त्यावर ती हसली आणि तिने त्या खास जोड्यांचं वर्णन केलं. आपल्या नेहमीच्या बुटांखाली टेनिसच्या रॅकेटसारखी रुंद, पसरट चौकट बांधायची. माणसाचं वजन तेवढंच राहतं, पण ते मोठ्या जागेवर विभागलं जातं, म्हणून पाय गुडघ्यापर्यंत रुतत नाही. बर्फाळ मुलुखातल्या लोकांनी ही युक्ती हजारो वर्षांपूर्वी शोधली. निसर्गाने तर त्याही आधी. त्या डोंगरात एक पांढरा पक्षी असतो, त्याच्या बोटांवरही दाट पिसं असतात. तेच त्याचे बर्फातले जोडे.

सहा जणांची टोळी होती आणि पुढे एक वाटाड्या. मी विचारलं, "मग काय काय पाहिलंस?" ती म्हणाली, "सशाच्या पावलांचे ठसे पाहिले. कोल्ह्याचे पाहिले. आणि समोरच्या कड्यावर, खूप दूर, रानबकऱ्यांसारखे चार ठिपके." मला वाटलं, एवढे पैसे भरून, थंडीत कुडकुडून चार ठिपके? पण पोरगी खूश होती. पुढे तिने जे सांगितलं, ते मात्र माझ्या मनात घर करून राहिलं. वाटाड्याने निघण्यापूर्वीच बजावलं होतं : खुणा केलेली वाट सोडायची नाही, दिसेल त्या प्राण्याच्या जवळ जायचं नाही, आणि आपल्यामुळे एखादा प्राणी पळाला तर ती आपली फजिती समजायची.

श्रोतेहो, या नियमामागचं कारण मोठं साधं आहे. हिवाळ्यात डोंगरातल्या प्राण्यांच्या हाती शिल्लक फार थोडी असते. खायला जवळपास काही नाही. उन्हाळ्यात अंगावर साठवलेल्या चरबीवर चार-पाच महिने काढायचे. तिथली हरणं आणि रानबोकड या काळात हृदयाचे ठोकेसुद्धा कमी करतात, म्हणजे शरीराची चूल मंद ठेवतात. कोंबड्याएवढा एक पक्षी तर दिवसाचा बराच वेळ बर्फात बीळ करून बसून राहतो, कारण बर्फाच्या आत वाऱ्यापेक्षा ऊब जास्त. अशा वेळी आपण हौसेने जवळ गेलो आणि तो भुर्रकन उडाला, तर त्या एका उड्डाणाचा खर्च त्याला शिलकीतून भागवावा लागतो. असे दहा हौशी आले की शिल्लक संपली. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये काही भाग हिवाळ्यात वन्यप्राण्यांच्या विश्रांतीसाठी राखून ठेवतात. तिथे ठरलेली वाट सोडणं हा गुन्हा आहे.

फोन ठेवता ठेवता भाचीने विचारलं, "मामा, तुमच्या सोलापुरात हिवाळ्यात काय बघायचं असतं हो?"

प्रश्न थट्टेचा होता. सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आठवतात, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आठवते, आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा आठवतो. इथे ना डोंगर, ना बर्फ. पण गंमत अशी की, त्या बर्फाळ मुलुखाचा हिवाळा दरवर्षी स्वतःच्या पंखांनी आपल्याकडे येतो. उजनीच्या पाण्यावर, आपल्या हिप्परग्याच्या तलावावर थंडीत हंसांचे थवे उतरतात. राखी अंग आणि पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हे पट्टकदंब हंस. त्यांचं माहेर तिबेट, मंगोलिया आणि आपल्या लडाखमधली उंचावरची तळी. तिथलं पाणी गोठू लागलं की ते हिमालय ओलांडून दक्षिणेकडे निघतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून मोजलं, तेव्हा काही हंस सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून गेल्याचं आढळलं. तिथल्या विरळ हवेत माणसाला धड चालवत नाही. या हंसांचं रक्त मात्र तेवढ्या हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. शिवाय ते शहाणे असे की, बहुधा रात्री किंवा पहाटे उडतात, कारण थंड हवा जड असते आणि पंखांना चांगला आधार देते. १८७१ साली बांधलेल्या हिप्परग्याच्या तलावावर हिमालय ओलांडून पाहुणे येतात, आणि आपण तुळजापूरच्या रस्त्याने गाडीची काच वर करून निघून जातो.

तेव्हा भाचीच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मी पुढच्याच शनिवारी दुपारी तीनला बार्शी रस्त्याने निघालो. सोलापुरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज. तिथलं माळढोक अभयारण्य आपल्यापैकी बहुतेकांनी नावाने ऐकलेलं असतं. बरोबर माझे दोन जुने विद्यार्थी होते, वनविभागाची परवानगी होती आणि वाट दाखवायला जवळच्या गावातला एक तरुण होता. घर मेंढपाळाचं. त्यामुळे माळ त्याला आपल्याला आपली गल्ली माहीत असावी तसा माहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याची नान्नजला निराशाच होते. समोर जंगल नाही. गुडघाभर उंचीचं पिवळं गवत, अधूनमधून बोरीची झुडपं, खडकाळ उतार आणि वर भलंमोठं आभाळ. कुसळी, पवन्या, मारवेल अशी त्या गवतांची नावं. सरकारी भाषेत अशा जमिनीला अनेकदा 'पडीक' म्हणतात. पण पडीक कोणासाठी? आपल्याला तिथून काही मिळत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. माळरान हे उजाड झालेलं जंगल नव्हे. जिथे पाऊस कमी, मातीचा थर पातळ आणि ऊन प्रखर, तिथे झाडापेक्षा गवत तगून राहतं. जमिनीवरचा भाग वाळला, जळला, चरला गेला तरी मुळं जिवंत असतात, आणि पहिल्या पावसाबरोबर माळ पुन्हा हिरवा होतो. या गवतावर नाकतोडे जगतात, नाकतोड्यांवर पक्षी, पानांवर काळवीट आणि काळविटांवर लांडगा. असा हा भरलेला संसार आहे, फक्त त्याला भिंती नाहीत.

आमच्या वाटाड्याने शंभर पावलांतच खाली वाकून धुळीत बोट दाखवलं. पावलांची एक सरळ रेघ निघाली होती. "कुत्रं न्हाई सर, लांडगं हाय." मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, कुत्रं हुंगत हुंगत वाकडंतिकडं जातं, त्याला घरी भाकरी मिळणार असते. लांडग्याला उगीच भटकून चालत नाही. तो रेघेत जातो आणि मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतो. मला एकदम भाची आठवली. तिकडे बर्फावर जे लिहिलं जातं, ते इकडे धुळीवर. अक्षर एकच, पाटी वेगळी.

पुढे एका मोकळ्या जागी लेंड्यांचा मोठा ढीग होता. काळविटाचा नर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. आपल्या हद्दीवर लावलेली ती पाटीच असते. थोड्या वेळाने हद्दीचे मालकही दिसले. पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना मळसूत्रासारखे पीळ. माद्या बदामी रंगाच्या, बिनशिंगाच्या. आम्ही थांबलो तसे तेही थांबले. वाटाड्या हळूच म्हणाला, "आता फुडं न्हाई. त्यानं चरायचं सोडलं की समजायचं, आपण लई जवळ आलाव." केवढी सोपी मोजपट्टी! काळवीट मनात आणलं तर ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने पळतं. हा वेग चित्त्यापासून जीव वाचवण्यासाठी घडला, असं मानतात. आपल्या देशातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं. काळविटाच्या पायांतला वेग मात्र अजून तसाच आहे.

ऊन कलू लागल्यावर आम्ही एका उंचवट्यावर बसलो. सूर्य क्षितिजाला टेकायला आला आणि पश्चिमेकडून एक लांब पंखांचा पक्षी गवताला जवळजवळ घासत आला, पंख किंचित वर उचललेले. मग दुसरा, मग चार, मग मोजणं सोडून दिलं. हे भोवत्या, ससाण्यासारखे शिकारी पक्षी. कझाकस्तान, रशियाच्या गवताळ मैदानांतून ते थंडीत आपल्याकडे येतात आणि नाकतोडे, उंदीर खाऊन शेतकऱ्याचं फुकट काम करतात. यांची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हे झाडावर झोपत नाहीत. दिवसभर मैलोन्‌मैल भटकून संध्याकाळी एका ठरावीक जागी जमतात, घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता एकेक जण गवतात अलगद उतरतो. जमिनीवरच रात्र काढतो. म्हणजे हजारो किलोमीटर ओलांडून आलेल्या या पाहुण्याचं आपल्या गावातलं घर म्हणजे ते उभं गवत. ते पेटवलं, नांगरलं किंवा त्यातून गाडी घातली की घर गेलं.

आता मी जे सांगणार आहे, ते मी वर्गातही कधी सांगितलं नव्हतं.

१९८८ सालच्या जानेवारीत मी तरुण शिक्षक होतो आणि दहा-बारा मुलांना घेऊन याच माळावर आलो होतो. तेव्हा बरोबर गावातले एक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही त्यांना आबा म्हणत होतो. त्यांनी एकाएकी हात आडवा करून आम्हाला थांबवलं. दोनशे पावलांवर, गवताच्या वर, एक पांढरी मान आणि काळी टोपी. माळढोक! उंची मीटरभर, चाल एखाद्या पाटलासारखी. मी तोवर तो फक्त पुस्तकात पाहिला होता. माझ्या गळ्यात उसना आणलेला कॅमेरा होता आणि त्यातून तो पक्षी टाचणीच्या डोक्याएवढा दिसत होता. मी पुढे सरकलो. मुलं माझ्यामागे. मग आम्ही जवळजवळ पळतच सुटलो. माळढोकाने एकदा मान वळवली, चार ढांगा टाकल्या आणि जड पंख मारत तो उडाला, पार दिसेनासा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत फक्त आभाळ आलं. आबा जागचे हललेही नव्हते. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी बघायला आलाव का हुसकायला?"

त्यावेळी मला थोडा रागच आला. वाटलं, एक पक्षी उडाला तर एवढं काय? पुन्हा येऊ, पुन्हा दिसेल. त्यानंतर मी नान्नजला किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. माळढोक मला पुन्हा इतक्या जवळून कधीच दिसला नाही.

हा पक्षी घडलाच आहे माळासाठी. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. पायाला तीनच बोटं, मागचं बोट नाही. त्यामुळे त्याला फांदी पकडता येत नाही. त्याचं चालणं, खाणं, झोपणं, पिल्लू वाढवणं, सगळं जमिनीवर. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. त्या आवाजावरून त्याला 'हूम' असंही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर घालते ते बहुधा एकच अंडं. ते गुराच्या पायाखाली गेलं, कुत्र्याने खाल्लं किंवा हुसकलेली आई वेळेत परतली नाही, तर वर्ष वाया जातं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, चौफेर नजर ठेवण्यासाठी. समोरचं मात्र कमी दिसतं. म्हणून विजेची तार अगदी जवळ येईपर्यंत लक्षात येत नाही आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. आज वीजवाहिन्या हा त्याचा सर्वांत मोठा शत्रू मानला जातो.

नान्नजची गोष्ट आशेने सुरू झाली होती. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथले काही माळ राखले गेले, गवत वाढलं, माळढोक दिसू लागले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात इथे या पक्ष्याचा अभ्यास केला. पण अभयारण्याची हद्द आखली गेली ती तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरची, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेली. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळंच आलं. खरा राखलेला माळ म्हणजे मधूनमधून विखुरलेले लहान तुकडे. माणसांना जमिनीच्या व्यवहारात आणि बांधकामात अडचणी येऊ लागल्या, आणि ज्या पक्ष्याचं कौतुक व्हायला हवं होतं त्याच्या नावाने लोक बोटं मोडू लागले. पुढे हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर बराच उशीर झाला होता.

दोष फक्त कागदांचा नाही. पाणी आलं तशी ज्वारी, करडई, हुलग्याची शेती मागे पडून ऊस आणि द्राक्षं आली. ज्वारीच्या रानात माळढोक दाणे-किडे टिपत फिरायचा. द्राक्षबागेच्या तारांत त्याला जागा नाही. पण म्हणून शेतकऱ्याला नावं ठेवणं मला पटत नाही. याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' द्राक्ष दिलं. त्या नावात सोलापूरही आहे आणि काळेही. कोरडवाहू गावाने कष्टाने वर यावं, यात अभिमानच वाटावा. चूक झाली ती आपणा सर्वांची : माळाला काही किंमत आहे हे आपण धरलंच नाही. ज्यांनी चांगल्या हेतूने माळावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली, त्यांनाही वाटलं की आपण उजाड जमीन हिरवी करतो आहोत. माळढोकासाठी मात्र ती झाडी म्हणजे अंगणात उभी केलेली भिंत होती.

१९६९ साली देशभरात अंदाजे १,२६० माळढोक होते. २०११ मध्ये जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. २०१८ च्या अंदाजानुसार जेमतेम दीडशे उरले होते, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ही मोठी गोष्ट आहे. पण पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला सोडायला शेवटी माळच लागणार. नान्नजला अलीकडच्या वर्षांत माळढोक दिसलाच तर एखाददुसरा, तोही कधीमधी.

मग आता तिथे जायचं तरी कशाला, असं कोणी विचारेल. मी म्हणेन, जायलाच हवं. काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल, भोवत्या ही सगळी त्याच गवतावर जगणारी मंडळी अजून आहेत. शिवाय जाणकार वाटाड्याला घेऊन गेलं की दोन गोष्टी होतात. आपल्या डोळ्यांना सवय लागते, आणि गावातल्या एखाद्या घराला माळ राखण्यातून चार पैसे मिळतात. ज्या मेंढपाळाची मेंढी लांडगा नेतो, त्याच्याच मुलाला लांडग्याचा माग दाखवून मजुरी मिळाली, तर त्या घरातला लांडग्याबद्दलचा राग थोडा तरी निवळतो. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनविभागाने २०२३ मध्ये गावातल्या तरुणांना घेऊन अशी गवताळ सफर सुरू केली.

जाताना मात्र थोडं पथ्य पाळावं. कपडे मातकट रंगाचे असावेत. ठरलेली वाट सोडू नये, गाडी गवतात घालू नये. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये. तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून दमछाक करून घेतो. घरटं, बीळ, लांडग्याची गुहा दिसली तर फोटोसाठी थांबू नये आणि ती जागा चारचौघांत सांगत सुटू नये. पाळलेला कुत्रा बरोबर नेऊ नये. आणि काळविटाने चरायचं थांबवलं की आपण थांबावं.

सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली यांनी उभं आयुष्य वनखात्याच्या नोकरीत आणि रानाच्या अभ्यासात घालवलं, 'पक्षिकोश' सिद्ध केला. २००६ मध्ये आपल्याच शहरात भरलेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. आयुष्याचा मोठा काळ विदर्भाच्या अरण्यांत घालवून अखेर ते सोलापुरात परतले आणि जून २०२५ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. ज्या गावाने असा माणूस दिला, त्या गावाला आपल्याच माळावरच्या पाहुण्यांची नावं माहीत नसावीत, हे काही बरं नव्हे.

त्या शनिवारी रात्री मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "काय मामा, काय दिसलं?" मी म्हटलं, "लांडग्याच्या पावलांचे ठसे. आणि काही ठिपके." ती खूप हसली. पुढच्या डिसेंबरात, हुरड्याच्या दिवसांत ती येणार आहे. तिला घेऊन मी पुन्हा त्याच उंचवट्यावर जाऊन बसणार आहे. माळढोक दिसेल अशी आशा मी धरत नाही, पण नजर मात्र गवतावरच राहील. आणि समजा, एखादी पांढरी मान गवतावर आलीच, तर या वेळी मी जागचा हलणार नाही. आबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.